छप्पर मग कोणी शाकारलं?

दर वर्षी ऑक्टोबर सरता सरता माझ्याकडे कथांचा एक गठ्ठा येतो. एका छोट्या नाताळ अंकासाठी कथा निवडायचं काम गेली काही वर्षं माझ्या गळ्यात पडलं आहे. गळ्यात पडलं म्हणते खरी, पण मला ते आवडतं. पहिल्या चार-पाच कथा चहाबरोबर वाचून होतात. सहावीपासून पुढची ओळ आधीच दिसायला लागते. नवरा पिणारा असतो, नाहीतर मुलगा आजारी, नाहीतर पुण्यात नोकरीला असलेली मन मोडलेली एखादी मुलगी. शेजारच्या मावशी म्हणतात, "एकदा उपासनेला चल तर खरी." ती नाही-हो करत जाते, शेवटच्या बाकावर बसते. पाळकसाहेबांचा संदेश नेमका तिच्यासाठीच असतो. डोळ्यांना धारा लागतात. पुढच्या परिच्छेदात नवऱ्यानं बाटली मोरीत ओतलेली असते, आणि सगळ्यात खाली जाड ठशात बायबलमधलं एक वचन.

टिंगल करायला मी हे लिहीत नाही. माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात तिच्या उशाशी असल्याच गोष्टींचे अंक होते, आणि त्यांनी तिला दिलेली झोप मी पाहिली आहे. या कथांत देव फार आहे, असंही मला म्हणायचं नाही. ख्रिस्ती कथेत देव असायचाच. माझी तक्रार वेगळी आहे. या कथांत माणसं नाहीत. मावशी म्हणजे चर्चच्या दारापर्यंत पोचवणारी रिक्षा. मंडळी, म्हणजे चर्चमधली सगळी माणसं, ती नुसता गाणी म्हणणारा एक घोळका. दुःख एकटीचं, रडणं एकटीचं, बरं होणंही एकटीचं. आणि आमच्या मुलखात, आमच्या लोकांत, हे असं घडलेलं मी तरी फारसं पाहिलेलं नाही. इथे बहुतेकांना आधी माणसं भेटली, श्रद्धा त्यांच्या मागून आली. आपली कथा हा क्रम उलटा लावते आणि तिथेच खोटी पडते.

मार्कच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय काढून पाहा. कफर्णहूम गावात येशू ज्या घरात आहे तिथे मुंगीला शिरायला जागा नाही. चार जण एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणतात, दारातून आत जाता येत नाही म्हणून वर चढतात, छप्पर उसकटतात आणि बाज खाली सोडतात. पुढे शब्द आहेत, 'त्यांचा विश्वास पाहून'. त्यांचा! बाजेवरच्याचाही त्यात धरा हवा तर, पण चौघांना वगळून ते वाक्य वाचताच येत नाही. हे चौघं कोण, त्याचे भाऊ की शेजारी, त्यांच्यात एकानं कुरकुर केली का, याबद्दल एक अक्षर नाही. लहानपणी मी संडेस्कूलच्या बाईंना विचारलं होतं, "बाई, ते छप्पर मग कोणी शाकारलं?" वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "ते महत्त्वाचं नाही." शुभवर्तमानाच्या दृष्टीनं बाईंचं बरोबर असेल. कथेच्या दृष्टीनं तेच महत्त्वाचं आहे. बरा झालेला माणूस बाज उचलून घरी गेला, आणि ज्याच्या घराचं छप्पर गेलं तो वर आभाळ बघत बसला. कादंबरी त्या घरात सुरू होते.

मराठी कादंबरीची सुरुवातच ख्रिस्ती कादंबरीनं झाली, हे आपण शाळेत एका मार्काच्या प्रश्नापुरतं पाठ करतो आणि विसरतो. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' १८५७ चं. विधवा पुनर्विवाहाचा कायदा त्याच्या आदल्या वर्षी आलेला. लेखक बेळगावचे, जातीनं कासार, १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात, ठिकठिकाणी विधवांचे हाल बघतात, ऐकतात. मग विनायक जातो आणि जे आजवर दुसऱ्यांचं म्हणून ऐकलं ते यमुनेच्याच वाट्याला येतं. शेवटी ती उघडपणे ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. पुस्तकाचा अस्सल भाग वाटेवरचा आहे. त्या बायकांची बोली, सासरची भांडी, न्हाव्याची भीती. हे सगळं पदमनजींनी कान देऊन ऐकलेलं आहे. पण यमुना ख्रिस्ती झाल्यावर ज्या लोकांत गेली ते लोक कसे होते? त्यांनी तिला कुठे बसवलं, काय खायला घातलं, मागे काय बोलले? तिथे पुस्तक घाईत आहे. जखम दाखवायला सगळा प्रवास आहे आणि मलम लावायला चार पानं.

गंमत म्हणजे सव्वाशे वर्षांनी, सात समुद्रांपलीकडे, हाच साचा पुन्हा उभा राहिला. १९७९ मध्ये जॅनेट ओक या कॅनेडियन लेखिकेची 'लव्ह कम्स सॉफ्टली' आली आणि तिच्या यशानं अमेरिकेतल्या ख्रिस्ती प्रकाशकांना कथा-कादंबऱ्यांची बाजारपेठ दिसली. तिथेही सुरुवात विधवेपासूनच आहे. उजाड माळरानावर नवरा मेलेली तरुण बाई, लहान मुलगी असलेला विधुर, सोयीचं लग्न आणि हळूहळू उमलणारी श्रद्धा. त्या घराण्यातल्या कादंबऱ्या आज आमच्याकडच्या इंग्रजी वाचणाऱ्या मुली फोनवर वाचतात आणि मग मराठीत तसंच लिहून मला पाठवतात. माळरानाच्या जागी मुळशीचं फार्महाऊस येतं, एवढाच फरक. त्या माळरानावर कोसाकोसावर एक घर होतं, म्हणून एकटीचं दुःख आणि एकटीची प्रार्थना तिथे शोभते. आमच्याकडे बाई रडायला लागली तर भिंतीपलीकडून कुकरची शिट्टी बंद करून कोणीतरी येतंच.

आणि आपल्याकडे याहून कितीतरी चांगला नमुना घरातच पडलेला आहे. तो कादंबरीचा नाही, आत्मचरित्राचा आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', १९३४ पासून भागाभागांनी आलेली. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला १९०० मध्ये. मधली पाच वर्षं म्हणजे या विषयावरचं मराठीतलं सगळ्यात खरं लेखन आहे, असं मला वाटतं. आमच्या नाताळ अंकातला लेखक ही पाच वर्षं एका ओळीत उडवील, 'अनेक वर्षांच्या संघर्षानंतर' म्हणून. लक्ष्मीबाई उडवत नाहीत. नवरा धर्म सोडून गेला, पदरात लहान मूल, नातेवाइकांच्या दारी राहणं, पंढरपूरचे दिवस, दुःखानं भ्रमिष्टासारखी झालेली अवस्था. मग नवऱ्याजवळ परत येणं, पण चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं वेगळं. एका छताखाली दोन धर्म आणि मध्ये एक तापट कवी. सोवळ्याच्या वेडापायी घरच्यांचं जगणं मुश्किल करून टाकणाऱ्या बापाची ही मुलगी. तिचं बदलणं कुठल्या प्रवचनात झालं नाही. कोणाच्या हातचं पाणी प्यायचं आणि कोणाच्या हातचं नाही, या रोजच्या अडचणीतून तिला उलगडा झाला की जाती देवानं केल्या नाहीत, माणसांनी केल्या. एकदा ते कळल्यावर ती कोणाच्याही हातचं खायला लागली. श्रद्धा तिच्यात आधी पोटातून शिरली, मग डोक्यात. यात विनोद किती आहे! स्वतःवर हसणारी ख्रिस्ती नायिका मला गेल्या दहा वर्षांतल्या एकाही कथेत भेटलेली नाही. आमच्या नायिकांना हसायची बंदी असावी.

टिळकांनी शेवटी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. संस्था म्हणून तो फार टिकला नाही, टिळक दोन वर्षांत गेलेच. पण ज्या माणसानं बाप्तिस्म्यानंतरचं आयुष्य मंडळीत काढलं त्याला शेवटी मंडळीच्या भिंती थोड्या मागे सराव्यात असं वाटलं, ही गोष्ट मला पन्नास साक्षींपेक्षा जास्त बोलते.

साक्ष. हा शब्द चर्चबाहेरच्या वाचकांसाठी थोडा सोडवायला हवा. रविवारी, नाहीतर गृहसभेत, एखादा उभा राहतो आणि आपल्या आयुष्यात प्रभूनं काय केलं ते सांगतो. पूर्वी मी असा होतो, मग असं झालं, आता मी असा आहे. तीन पावलं. साक्ष पाच मिनिटांची असते, ऐकणारे सगळे आपलेच असतात, मधलं गाळलेलं त्यांना ठाऊक असतं. म्हणून ती चालते. कथेला ही मुभा नाही. ऐकणारा परका आहे, त्याला मधलंच हवं आहे. आमचे लेखक साक्ष लिहितात आणि वर 'कथा' असं छापतात.

याचंच मोठं, मंडप घातलेलं रूप म्हणजे चंगाई सभा, प्रार्थनेनं रोग बरे करण्याची. मैदानावर खुर्च्या, कानठळ्या बसवणारा साऊंड, आणि कुबड्या टाकून चालणारा माणूस. रोग्यासाठी प्रार्थना करण्याविरुद्ध मी नाही, मी स्वतः करते. पण अशा सभेनंतर मधुमेहाच्या गोळ्या बंद केलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत, त्यातल्या एकाचं बोट गेलं. सभा घेणारे तोवर दुसऱ्या गावी होते. ड्रेसिंग करायला कोण होतं? मंडळीतल्याच दोन बाया, त्यांतली एक निवृत्त नर्स. त्या बायांवर कोणी कथा लिहून पाठवलेली नाही. तात्काळ चंगाईची कथा म्हणजे कागदावरची तीच सभा. ती वाचणारा, रोज उठून इन्सुलिन घेणारा विश्वासू माणूस, मनातल्या मनात आपला विश्वास कमी पडला असं धरून बसतो. हा मला या कथांचा खरा अपराध वाटतो. भाषा बाळबोध असणं त्यापुढे काहीच नाही.

मंडळी बरं करते तशी जखमही करते, हे लिहायला आम्ही घाबरतो. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या भगिनींच्या मठात उतरल्या. बरोबर आनंदीबाई भगत होत्या. त्या आनंदीबाईंनी तिथेच आत्महत्या केली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबरला, रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. एवढ्या एका वाक्यात एक कादंबरी आहे आणि ती कोणत्याही 'गोड शेवटा'त बसत नाही. पुढची वर्षं रमाबाई ज्यांनी आसरा दिला त्यांच्याशीच वाद घालत राहिल्या. क्रुसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नाहीत, असा त्यांचा सवाल. पुरुषांना शिकवलं तर बिशपांना का खटकावं, हा दुसरा. पत्रं छापलेली आहेत, वाचून बघा. मठातल्या सिस्टर जेराल्डीनची माया आणि वैताग दोन्ही त्यांत दिसतात. रमाबाईंनी स्वतःच १९०७ मध्ये, आपल्या साक्षीत, लिहून ठेवलं की ख्रिस्ती धर्म आपल्याला आधी मिळाला, ख्रिस्त बऱ्याच नंतर. अशी साक्ष आज एखाद्या सभेत दिली तर अध्यक्ष घड्याळ बघतील.

आणि याच रमाबाईंनी केडगावला जे उभं केलं ते बघा. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या तीनशेच्या आसपास बाया-पोरी. पुढे छापखाना, विणकाम, शेती, गाईगुरं. आंधळ्या बायकांसाठी बार्तमी सदन, फसवल्या गेलेल्यांसाठी कृपासदन. तिथे प्रार्थना होत्या, १९०५ चं मोठं संजीवन, म्हणजे श्रद्धेची लाटही आली. पण दुष्काळातून आलेल्या पोरीला आधी पेज मिळाली, मग अंघोळ, मग छपाईचे खिळे जुळवायचं काम. कोणाला तरी आपल्या हाताची गरज आहे, हे तिला आधी समजलं असणार. आकाशातल्या बापाची ओळख त्या छापखान्याच्या आवाजात झाली.

आता जरा अवघड जागी येते. पदमनजी, टिळक, रमाबाई ही ख्रिस्ती धर्मात एकेकटी आलेली माणसं. घर तुटलं, जात तुटली, आणि सत्य सापडलं. आमच्या कथेचा साचा त्यांच्या चरित्रांतून आला. पण आज मराठवाड्यात किंवा नगर जिल्ह्यात रविवारी चर्चमध्ये जी माणसं बसलेली दिसतात त्यांतल्या बहुतेकांचे पूर्वज एकेकटे आले नव्हते. महार वस्ती, मांग वस्ती, भावकी, मेव्हणे, सगळे मिळून आले. दुष्काळात धान्य मिळालं म्हणून आले, असं हिणवणारे तेव्हाही होते, आताही आहेत. मिशनच्या शाळेत पोरगं बसलं म्हणून आले, हे तर माझ्या आजोबांच्या बाबतीत अगदी खरं आहे आणि मला त्याची शरम नाही. ज्याला गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं त्याला बाकावर शेजारी बसून गाणं म्हणता आलं. यापेक्षा मोठी चंगाई कोणती? ही बहुसंख्यांची गोष्ट. तिच्यात 'मी' उशिरा येतो, 'आम्ही' आधी. तिला आमच्या कथांत जागा नाही, कारण ती पाच मिनिटांच्या साक्षीच्या आकाराची नाही.

शिवाय ती लिहायची तर कागदपत्रांपर्यंत जावं लागतं. अनुसूचित जातींत कोणाला धरायचं हे सांगणारा १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश, काही थोड्या शीख जाती सोडल्या तर, फक्त हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये बाकीचे शीख दलित आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजून बाहेर आहेत. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग या प्रश्नासाठी नेमला गेला. आता यावर तुमची बाजू कोणतीही असो, पण घरात याचा अर्थ काय होतो ते बघा. पोरगं घरात एलिया, शाळेच्या दाखल्यावर दुसरंच काही. नाताळला चर्चच्या नाटकात मेंढपाळ होतो आणि जूनमध्ये तहसीलच्या रांगेत बाप त्याला खुणावतो, गप्प बस. श्रद्धा सापडली आणि जातीचा दाखला गेला, किंवा दाखला ठेवला आणि श्रद्धा कुजबुजत जगली. वर चर्चच्या आतही सोयरिकीच्या वेळी 'मूळचे कोण?' हा प्रश्न कोणीतरी हळूच विचारतंच. मनाच्या जखमांबद्दल लिहायचं असेल तर ही जखम रोज दिसते आहे. गठ्ठ्यातल्या कथांमध्ये मात्र सगळ्या पात्रांना नुसती पहिली नावं असतात. आडनाव कोणाला नाही. आडनाव लिहिलं की जात येते, आणि जात आली की गोड शेवट डळमळतो.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं मला ठाऊक आहे. एका वयस्कर काकांनी मला फोनवर सुनावलं होतं, "बाई, माणूस आधीच गांजलेला असतो. त्याला पुन्हा भांडणं, पंच कमिटी, कबरस्तानाची वर्गणी वाचायला देऊ नका. धीर द्या." त्यांचं मन मोडायला नको म्हणून मी गप्प बसले, पण पटलं नाही. पंढरीच्या वाटेवर पाय सुजलेल्याला धीर येतो तो पुढे चालणाऱ्याचेही पाय सुजलेले बघून. सगळे हसतमुख असलेल्या मंडळीची गोष्ट वाचून गांजलेला माणूस पुढच्या रविवारी खरोखरच्या चर्चमध्ये जातो, तिथे दोन बाया पडद्याच्या रंगावरून तोंड फिरवून बसलेल्या बघतो आणि पुन्हा येत नाही. खोटा धीर फार तर शनिवारपर्यंत पुरतो.

आणि चर्चबाहेरच्या मराठी वाचकांनाही एक विचारते. वारीत एखाद्याचं दुःख हलकं झालं की तुम्ही त्याला भक्ती म्हणता. तोच माणूस चर्चच्या बाकावर हलका झाला की तुम्हाला धर्मांतराचा वास येतो, आणि कथा न वाचताच तिच्यावर 'प्रचार' असा शिक्का बसतो. हा शिक्का अन्यायाचा आहे. पण तो मारायला शाई आम्हीच पुरवतो, हेही खरं. प्रचारकी कथेत माणूस कशासाठी तरी वापरला जातो. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात कोणीच वापरलेलं नाही, म्हणून ते पुस्तक आज सगळ्यांच्या कपाटात आहे आणि कोणाला त्यात वास येत नाही.

आमच्या मंडळीत एक बाई आहेत. त्यांचा मुलगा दिवाळीच्या आधी मोटारसायकलवरून गेला. वर्षानं त्यांनी साक्ष दिली, प्रभूनं मला उभं केलं, एवढीच, दोन मिनिटांची. आमच्या डोळ्यांत पाणी. नंतर कधीतरी त्यांच्या ओट्यावर बसलेलो असताना त्यांनी मधलं सांगितलं. मुलगा गेल्यावर पंधराएक दिवसांनी मंडळीतली एक म्हातारी आली. यांचं-तिचं वर्षभर बोलणं नव्हतं, चर्चच्या नळावरून वाजलं होतं. म्हातारीच्या डोक्यावर लसणाचं पोतं. म्हणाली, "लावणी आलीय, कुड्या मोकळ्या करायच्यात. एकटीनं व्हत न्हाई. हात लाव." सांत्वन नाही, प्रार्थना नाही, नळाचा विषयही नाही. दोघी बसल्या. बोटं चुरचुरायला लागली तशी या बाई रडल्या, आणि म्हातारी म्हणाली, "लसणानं व्हतं तसं." दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. लसूण संपला तेव्हा फोडायला शेंगा घेऊन आली.

मी विचारलं, "हे साक्षीत का नाही सांगितलंत?"

"हे काय साक्षीत सांगायचं असतं का, ताई?"

मी त्यांना म्हटलं, मग हेच लिहून द्या, अंकाला हवंय. त्या 'बघू' म्हणाल्या. दोन ऑक्टोबर होऊन गेले, अजून आलेलं नाही. यंदाच्या लावणीला मात्र त्याच म्हातारीच्या ओट्यावर जाऊन बसल्या होत्या. म्हातारीचे डोळे आता गेलेत, कुड्या नुसत्या हातानं चाचपून मोकळ्या करते.